ख्रुश्चेव्हचं थडगं आणि आपल्या ग्रुपवरचा 'सूड'

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक शहापूरच्या मंडळाचा, एक कॉलेजचा, एक भावकीचा, आणि चौथा तर खानापूरच्या लग्नासाठी काढलेला. मजकूर थोडक्यात असा: रशियाचा हुकूमशहा ख्रुश्चेव्ह याने एर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी या शिल्पकाराला भर प्रदर्शनात शिव्या घातल्या, मग सायबेरियात तुरुंगात टाकलं. मरताना पश्चात्ताप झाला, म्हणून मृत्युपत्रात लिहिलं की माझं थडगं त्यानेच करावं. शिल्पकाराने ते अर्धं काळं, अर्धं पांढरं करून गुपचूप सूड उगवला. तात्पर्य: खरा कलाकार सत्तेचं काम कधीच घेत नाही. खाली एका प्रचंड चेहऱ्याचा फोटो.

फोटो थडग्याचा नाहीच. तो रशियाच्या पूर्व टोकाकडच्या मगादान शहरातला 'दुःखाचा मुखवटा'. शिल्पकार तोच, पण साल 1996, आणि स्मारक ख्रुश्चेव्हच्या आधीच्या स्टॅलिनच्या सक्तमजुरीच्या छावण्यांत मेलेल्यांचं. डाव्या डोळ्यातून अश्रू ओघळतात, तो प्रत्येक अश्रू म्हणजे एक छोटा चेहरा. उजव्या डोळ्याच्या जागी गजांची खिडकी. छावणीत मेलेल्यांचं स्मारक ख्रुश्चेव्हच्या नावावर खपवायचं म्हणजे कमालच झाली.

शिव्या मात्र खऱ्या. 1 डिसेंबर 1962, मॉस्कोचा मानेझ हॉल. ख्रुश्चेव्ह वरच्या मजल्यावर गेला आणि नव्या पद्धतीची चित्रं-शिल्पं बघून भडकला. नेइझ्वेस्त्नी त्याच्याशी भिडला. युद्धातून आलेला गडी. 1945 मध्ये इतका जखमी झाला होता की मेला समजून पदकसुद्धा मरणोत्तर जाहीर झालं होतं. त्याला कोण दटावणार? पण मला त्या भांडणातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. त्यानेच पुढे सांगितलं आहे की सोबतच्या बड्या अधिकाऱ्याने त्याला कलेबद्दल विचारलं नाही, विचारलं ते हे ब्राँझ आणलंस कुठून.

हे मी आमच्या मामांना सांगितलं. ते शहापुरात गणपती करतात. शाडू मळता मळता म्हणाले, "बरोबर आहे की. कवीचं काय, वही उशीखाली सारली की झालं. आमची चार फुटांची मूर्ती कुठं लपवायची? माती पायजे, साचा पायजे, शेड पायजे. शेडवाल्यानं कुलूप घातलं की आमची कला संपली." जिथे धातू सरकारचा, ओतकाम सरकारचं, प्रदर्शनाचा हॉलही सरकारचा, तिथे शिल्पकाराला गप्प करायला तुरुंग लागतच नाही.

आणि तुरुंगात त्याला टाकलंही नव्हतं. अधिकृत प्रदर्शनांची दारं लागली, त्रास झाला, हे खरं. पण त्याच काळात त्याच सरकारच्या मुलांच्या सुट्टीच्या शिबिरात, क्रिमियातल्या आर्तेकला, 1966 मध्ये त्याचं प्रॉमिथियसचं शिल्प उभं राहिलं. इजिप्तमधल्या आस्वान धरणावरच्या कमळाच्या आकाराच्या मैत्री स्मारकातही त्याचं काम आहे. एका हाताने गळा धरायचा, दुसऱ्या हाताने कामाची ऑर्डर द्यायची, असला प्रकार. मेसेज लिहिणाऱ्याला हे अडचणीचं वाटलं असणार. जेल कसं सोपं असतं.

'हुकूमशहा' हा शब्दही इथे नुसताच ठोकून दिलाय. राजवट हुकूमशाहीच होती, वाद नाही. पण 1956 मध्ये स्टॅलिनच्या अत्याचारांवर पक्षापुढे बोलला तो हाच ख्रुश्चेव्ह, आणि स्टॅलिनच्या छावणीवरची कथा छापायला परवानगी मिळाली ती त्याच्याच शब्दावर, मानेझच्या अवघ्या काही आठवडे आधी.

मृत्युपत्राची गोष्ट ऐकायला छान आहे. ख्रुश्चेव्हची खुर्ची 1964 मध्ये गेली, तो वारला सप्टेंबर 1971 मध्ये. त्यानंतर शिल्पकाराकडे गेला तो त्याचा मुलगा सर्गेई. मागणी घरच्यांची.

आता सूड. मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीतला ख्रुश्चेव्हच्या थडग्याचा तो दगड नीट बघा. अर्धा-अर्धा नाहीच तो. पांढरा संगमरवर आणि काळा ग्रॅनाइट एकमेकांत दात अडकवल्यासारखे बसवलेत, मधल्या खोबणीत ब्राँझचं डोकं. मामांनी फोनवर बोटांनी फोटो मोठा केला, गोष्ट ऐकलीच नाही, म्हणाले, "हे जोडकाम बघ. एक काढलास तर दुसरं उभं राहायचं नाही." शिल्पकाराचं म्हणणंही उजेड आणि अंधाराच्या झगड्याचंच होतं. गुपचूप तर काहीच नव्हतं. घरच्यांना सगळं माहीत होतं, आणि परवानगी इतकी रखडली की शेवटी ख्रुश्चेव्हच्या बायकोला पंतप्रधान कोसिगिनकडे शब्द टाकावा लागला. दगड बसला 1975 मध्ये. पदावरून गेलेल्या माणसाच्या थडग्यालाही सही लागत होती. परवानगीसाठी टेबलाटेबलांवर फिरणारी फाइल काय असते, हे बेळगावात पुतळ्याचं काम काढलेल्या कुणालाही विचारा.

राहिलं तात्पर्य. सत्तेचं काम न घेणाराच खरा, तर मग आर्तेकचं काय करायचं? आणि घेतलेलं काम सुखाचंच असतं असंही नाही. प्रागच्या ओटाकार श्वेत्सने स्टॅलिनचं सुमारे 17,000 टनांचं स्मारक केलं. 1 मे 1955 ला अनावरण झालं, पण ते बघायला तो नव्हता. काही आठवडे आधीच त्याने आत्महत्या केली होती. नोव्हेंबर 1962 मध्ये तेच स्मारक सुरुंग लावून उडवलं. पुढच्याच महिन्यात मानेझचा तमाशा झाला.

नेइझ्वेस्त्नी 1976 मध्ये देश सोडून गेला. थडगं पुरं करून मग गेला.

खरा फोटो मी चारही ग्रुपवर टाकला. लग्नाच्या ग्रुपवरून उत्तर आलं, "हे राहू दे, वऱ्हाडाच्या गाडीचं काय ठरवलास?"