भूकंपग्रस्तांच्या हाती पैसा का द्यावा

मोठा भूकंप झाला की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘भूकंपग्रस्तांना पैसे देऊ नका, ते दारूत जातात. कपडे आणि धान्य पाठवा. बाजारच बंद असताना पैशाचा उपयोग काय? शिवाय आयते मिळाले की माणूस काम सोडतो.’ पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असते, म्हणूनच यातले एकेक विधान तपासून पाहिले पाहिजे.

पैसे दारूत जातात, हे अभ्यासात टिकत नाही. रोख मदतीविषयी अनेक देशांत झालेल्या अभ्यासांचा जागतिक बँकेच्या संशोधकांनी 2014 साली आढावा घेतला, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च सर्वसाधारणपणे वाढलेला आढळला नाही.

कपड्यांचे काय होते, ते 2001 च्या कच्छच्या भूकंपानंतर दिसले: जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. गाठोडे सोडावे तर आत विरलेले, मापाला न बसणारे कपडे. ते निवडायला माणसे आणि जागा लागतात, आणि ताडपत्र्या आणू शकला असता असा ट्रक त्यातच अडकतो.

बाजार बंद असतो, हे मात्र पहिल्या काही दिवसांपुरते खरे आहे आणि तेव्हा पाणी, औषधे, शिजवलेले अन्न हेच पोचले पाहिजे. पण दुकानदारही भूकंपग्रस्तच असतो. फुकटचे धान्य महिनोन्महिने येत राहिले तर त्याचे गिऱ्हाईक तुटते आणि शेतकऱ्याचा माल पडून राहतो. हैतीचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रेने प्रेव्हाल यांनी जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर मार्चमध्येच ही काळजी बोलून दाखवली होती.

काम सोडण्याचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 रोजी घरे कोसळली, तेव्हा भाताची लावणी जेमतेम दोन महिन्यांवर आली होती आणि घरात राखून ठेवलेले बियाणे अनेकांच्या घराबरोबरच गाडले गेले होते. अशा शेतकऱ्याला तांदळाचे पोते दिले तर काही आठवडे चूल पेटते. पण बियाणे, बैल आणि मजुरीची सोय लावणीपूर्वी झाली नाही, तर सगळा हंगाम हातचा जातो. काम करायची त्याची तयारी असतेच, कामाला लागणारे भांडवल ढिगाऱ्याखाली असते.

पैशावर लक्ष ठेवता येत नाही, हीही समजूत चुकीची आहे. नेपाळमध्ये घरासाठी 3 लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत ठरले आणि बांधकाम तपासल्यावरच पुढचा हप्ता मिळे. तिथे नडला तो उशीर: पहिले हप्ते 2016 मध्ये मिळू लागले, तोवर असंख्य कुटुंबांचा एक पावसाळा आणि एक हिवाळा पत्र्याखाली गेला होता.