‘स्वभावाला औषध नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

व्यक्तिमत्त्व विकारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून का होईना, पण सविस्तर लिहिलंत, हे बरं झालं. स्वभावालाच आजार ठरवायचं, मग घरच्यांना छळणाऱ्याला ‘बिचारा आजारी आहे’ म्हणून मोकळं सोडायचं आणि वर उपचारांच्या गप्पा मारायच्या, असा तुमचा आक्षेप. ‘स्वभावाला औषध नाही हे आजीलाही ठाऊक होतं’ हे तुमचं वाक्य.

औषधाबद्दल आजी बरोबरच होती. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे भावना क्षणात भडकणं, नाती टोकाला जाणं, स्वतःला इजा करणं असा त्रास, बरा करणारी गोळी नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २००९ची मार्गदर्शिका सांगते की, खास या विकारासाठी औषधं वापरू नयेत. जोडीला नैराश्यासारखा आजार असेल तर त्याच्यावर जरूर द्यावीत. तरी गोळ्यांची यादी लांबतच जाते, हा वेगळ्या भांडणाचा विषय.

पण औषध नाही म्हणून माणूस बदलतच नाही, हे कुठून आलं? अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा मेरी झनारिनी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं तशीच राहिली. मात्र लक्षणांबरोबर नातीगोती आणि कामधंदाही सावरला, असे निम्मेच निघाले. उत्साही लेखांतून हा दुसरा आकडा हमखास गळतो. कोणत्या उपचाराने किती फरक पडला, हे या अभ्यासावरून ठरत नाही. ‘मरेपर्यंत असाच राहणार’ हे मात्र खोटं ठरतं.

आता मोकळं सोडण्याबद्दल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी बॉर्डरलाइनसारख्या त्रासासाठी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे डीबीटीत, काय चालतं ते पाहा. आदल्या आठवड्यात कुणी संतापून फोन फोडला असेल, तर ‘तुला किती त्रास झाला असेल’ एवढ्यावर भागत नाही. त्या घटनेची कडी न कडी उलगडावी लागते: रात्री झोप झाली होती का, कुठल्या शब्दाने ठिणगी पडली, मनात काय आलं, छातीत काय झालं, हात कधी उचलला, नंतर कोण रडलं. कुठल्या कडीपाशी वेगळं वागता आलं असतं आणि झालेलं नुकसान कसं भरून काढणार, हेही त्यालाच सांगायचं असतं. पुन्हा रोज भावनांची नोंद, आठवड्याला कौशल्यांचा वर्ग. सहसा वर्षभर हे चालतं. सबब हवी असलेला माणूस इथे फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. लिनेहन यांनी २०११ साली स्वतःचा तरुणपणीचा मानसिक आजार आणि रुग्णालयातले दिवस जाहीरपणे सांगितले. माणूस अशा अवस्थेतून बाहेर येतो, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

हे सगळं बॉर्डरलाइनबद्दल. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारावरच्या, म्हणजे इतरांचे हक्क बिनदिक्कत तुडवण्याच्या वृत्तीवरच्या, उपचारांचा पुरावा तोकडा आहे, तिथे मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

‘उद्या प्रत्येक तिरसट माणसाला विकार चिकटवाल’ ही भीती रास्त आहे. समाजमाध्यमांवर तर ज्याच्याशी बिनसलं तो नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला! पण जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२पासून लागू झालेलं आयसीडी-११ हे आजारांचं वर्गीकरण याच्या उलट दिशेला गेलं आहे. तिथे व्यक्तिमत्त्व विकाराच्या वेगवेगळ्या प्रकारांचे जुने बहुतेक कप्पे मोडले आणि त्रास सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी पाहायचं ठरलं. बिघाड साधारण दोन वर्षं किंवा जास्त टिकलेला हवा आणि एकाच माणसाशी वा एकाच जागी दिसून पुरत नाही. केवळ साहेबाशी पटत नाही, एवढ्यावर निदान होत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, छळणारा माणूस उपचाराला तयारच नसेल तर घरच्यांनी काय करायचं? त्याची वाट पाहत बसू नये. ‘फॅमिली कनेक्शन्स’सारखे बारा आठवड्यांचे वर्ग खास नातेवाइकांसाठी आहेत. भडका उडाल्यावर काय बोलावं आणि कुठे थांबावं, हे तिथे शिकता येतं. तसा वर्ग मिळाला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतःसाठी जावं. मारहाण होत असेल तर आधी तिथून बाहेर पडावं. त्याचं निदान काय, हा प्रश्न नंतरचा.