२३०० तासांचा हिशोब

इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना सरकारने किती पैसे द्यावेत, हा वाद काही थांबत नाही. एकजण म्हणतो, 'वर्षाला ५,००० पौंड मिळतात, परत फेडायचेही नाहीत, आणखी काय हवं?' दुसरा म्हणतो, 'फुकट राबवून घेतात.' हिशोब दोघेही अर्धाच मांडतात.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी तर किमान ४,६०० तासांचं शिक्षण लागतं. त्यातले २,३०० तास थिअरी आणि २,३०० तास प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डात, कम्युनिटीत, प्रत्यक्ष पेशंटसमोर. २०२३ पासून प्लेसमेंटचे ६०० तासांपर्यंत सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे खऱ्या पेशंटशिवाय सरावाच्या खोलीत, भरता येतात, पण तेवढी सोय प्रत्येक विद्यापीठात नसते. वॉर्डातली 'लाँग डे' साडेबारा तासांची. तासाभराचा ब्रेक गेला की खात्यावर साडेअकरा तास पडतात. सगळे तास असेच भरले तर बरोबर २०० शिफ्ट होतात.

आता अनुदान. वर्षाला ५,००० प्रमाणे तीन वर्षांचे १५,००० पौंड. ते सगळं नुसत्या प्लेसमेंटच्या नावे मांडलं, थिअरीसाठी एक पेनीही धरली नाही, तरी शिफ्टला ७५ पौंड पडतात, म्हणजे तासाला जेमतेम साडेसहा. त्या देशात २०२५-२६ मध्ये २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराला तासाला १२.२१ पौंडांहून कमी देणं बेकायदा होतं.

'पण विद्यार्थी कामगार नाही, तो सुपरन्युमररी आहे,' हे उत्तर लगेच येतं. म्हणजे वॉर्डातल्या माणसांच्या संख्येत त्याला धरायचं नाही, तो शिकायला आला आहे. तत्त्व उत्तम आहे आणि ते सोडू नये. मात्र माणसं कमी पडली की बेड बदलणं, ऑब्झर्व्हेशन्स घेणं, पेशंटला जेवण भरवणं विद्यार्थ्याच्याच वाट्याला येतं, हे त्या वॉर्डातला कुणीही सांगेल. शिवाय २०२० च्या वसंतात कोविड आला तेव्हा याच विद्यार्थ्यांना एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बँड ३ आणि बँड ४ या श्रेणींचा पगार देऊन वॉर्डात घेतलं होतं. डिग्री अप्रेंटिसशिपवाले, म्हणजे नोकरी करत पदवी घेणारे, तर तीच पदवी, तीच नोंदणी पगार घेत आणि फी न भरता मिळवतात, आणि शिकण्यासाठीचा वेळ त्यांनाही राखून ठेवावा लागतो. पैसे दिले की शिक्षण बिघडतं, हा युक्तिवाद मग कुठे टिकतो?

हे सगळं सुरू झालं नोव्हेंबर २०१५ मध्ये. तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी नर्सिंगची बर्सरी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, बंद करण्याची घोषणा केली. तोवर फी सरकार भरत होतं, वर १,००० पौंडांचं अनुदान आणि घरच्या उत्पन्नावर ठरणारी बर्सरी मिळायची. बर्सरी गेली की जागांवरची मर्यादा उठेल आणि जास्त नर्स तयार होतील, असं गणित होतं. ऑगस्ट २०१७ पासून नवे विद्यार्थी फीच्या कर्जावर गेले. त्या वर्षी जानेवारीच्या मुदतीपर्यंत इंग्लंडमधले अर्जदार २३ टक्क्यांनी घटले. सगळ्यात जास्त गळाले ते वयाने मोठे, संसार असलेले.

५,००० चं अनुदान आलं सप्टेंबर २०२० मध्ये. जी तुकडी सप्टेंबर २०१७ ला आत शिरली आणि २०२० च्या उन्हाळ्यात तीन वर्षं पुरी करून बाहेर पडली, तिला ना जुनी बर्सरी मिळाली ना नवं अनुदान. कोविडचा पहिला तडाखाही तिनेच खाल्ला. आणि २०२० चे ते ५,००० आजही ५,०००च आहेत. महागाई वजा केली तर हातात चार हजारांच्या आसपास उरतात.

कर्जाचंही एकदा बघा. नव्या नियमांत २५,००० पौंडांवरच्या पगाराचे ९ टक्के कापतात, ४० वर्षं. नवी नर्स बँड ५ वर लागते. त्याचा २०२५-२६ चा सुरुवातीचा पगार ३१,०४९ पौंड धरला, तर वर्षाला साधारण ५४४ पौंड कापले जातील. फी आणि राहण्याखाण्याचं मिळून ५०,००० कर्ज धरा, त्यावर २०२५-२६ च्या ३.२ टक्के दराने वर्षाचं व्याज होतं १,६००. नियमाने हप्ता भरत राहायचं आणि कर्ज वाढत राहायचं.

नर्सांची संघटना रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग म्हणते, एनएचएसमध्ये काम करणाऱ्यांचं कर्ज माफ करा. मागणी रास्त आहे, पण माझ्या मते दुखणं आधीचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात भाडं थकलेल्या पोरीला दहा वर्षांनंतरच्या माफीचा काय उपयोग? तिला प्लेसमेंटच्या आठवड्यात शनिवार-रविवारची हेल्थकेअर असिस्टंटची शिफ्ट करावीच लागते. मग आजारपण, मग चुकलेले तास. ते भरून काढायचे कोर्स संपल्यावर, अनुदान थांबलेलं असताना, आणि तोवर नोंदणी लटकलेली.

प्रवासखर्च हा तर खास किस्सा. तो मिळतो, पण पूर्ण नाही. घर ते विद्यापीठ हा रोजचा खर्च वजा करून वरचा फरक तेवढा देतात. विद्यापीठाला जायला ५ पौंड लागतात आणि प्लेसमेंटला ८, तर दावा ३ चा. तोही आधी खिशातून भरायचा, मग दावा, मग विद्यापीठाची मंजुरी, मग पैसे. २०२३ मध्ये दर दीडपट केले, गाडीचे मैलाला २८ चे ४२ पेन्स झाले, ते चांगलंच झालं. पण ज्याच्या खात्यात आज पेट्रोलपुरतेही पैसे नाहीत, त्याला दर वाढून काय फरक पडतो? रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, आधीच लागलेला असतो. त्यावरून अंदाज काढून निम्मी रक्कम आगाऊ द्यायला काय हरकत आहे? आणि अनुदान वर्षाला न बांधता प्लेसमेंटच्या तासांना बांधा, म्हणजे राहिलेले तास भरणाराही उपाशी राहणार नाही.

स्कॉटलंडमध्ये वर्षाला १०,००० मिळतात, हे उदाहरण सगळे फेकतात. खरं आहे, फीही सरकार भरतं. पण तिथे बर्सरीवाल्याला राहण्याखाण्याचं विद्यार्थी कर्ज मिळत नाही, हे कुणी सांगत नाही. वेल्समध्ये दोन वर्षं तिथेच नोकरी करायची हमी दिली तर फी भरतात.

इंग्लंडमध्ये जे शिकताहेत त्यांच्यासाठी: ५,००० चा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, आपोआप पुढे सरकत नाही. प्रवासाचा दावा प्लेसमेंट संपल्यापासून नऊ महिन्यांत गेला पाहिजे, तिकिटं जपून ठेवा. मूल असेल तर २,००० पौंड वेगळे मागा. हे प्रत्येक मुलामागे नाहीत, विद्यार्थ्यामागे एकदाच. मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी शाखांना १,००० जादा. अगदीच अडचण आली तर वर्षाला ३,००० पर्यंतचा आपत्कालीन निधी आहे. आणि भारतातून स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्यांनी यातलं काहीही बजेटमध्ये धरू नये. तिथल्या विद्यार्थी कर्जाला जो पात्र नाही, त्याला हे अनुदानही नाही.