एसीत ठेवलं की झालं?

"एसीच्या खोलीत ठेव, काही होणार नाही." हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कुणी काढलं तर मी खरंच भांडणार आहे. या एका सल्ल्यापायी बाबांच्या कसिनो चिप्सची, म्हणजे जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी लावतात त्या चकत्यांची, वाट लागली. चोरी नाही, पूर नाही, आग नाही. घणसोलीतल्या एका चकाचक फ्लॅटमध्ये, एसी चालू असताना!

बाबा मर्चंट नेव्हीत होते. बंदरात जहाज थांबलं आणि जवळ कसिनो असला की आत एक फेरी मारायचे. खेळ नावापुरता. निघताना एक चिप मात्र परत देऊन पैसे न घेता खिशात टाकून आणायचे. अशा ६४ चिप्स जमल्या. एकदा अमेरिकेत लाँग बीचला जहाज अडकलं तेव्हा ते बसने थेट लास व्हेगसला जाऊन आले होते. तिथल्या स्टारडस्ट कसिनोची पाच डॉलरची लाल चिप त्यांची सर्वांत लाडकी. स्टारडस्ट २००६ मध्ये बंद झालं, २००७ मध्ये सुरुंग लावून पाडलं. म्हणजे आहे ती चिप जपायची, दुसरी मिळेल या भरवशावर राहायचं नाही.

या सगळ्या चिप्स आमच्या नौपाड्याच्या घरात, गोदरेजच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. प्रत्येक चिप पातळ कागदात गुंडाळलेली, डबा आईच्या सुती साड्यांच्या मधोमध. त्या खोलीत एसी कधीच नव्हता. तीस पावसाळे गेले, एकीलाही डाग नाही. यंदा मे महिन्यात वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी आमच्या त्या भिंतीत उतरलं, पोपडे धरले, म्हणून मी घाबरले. दादा म्हणाला, "माझ्याकडे दे, गेस्ट बेडरूममध्ये एसी असतो. तू निर्धास्त राहा." मी दिला डबा. राहिले निर्धास्त.

ऑगस्टमध्ये वहिनीने फोटो पाठवला. लाल चिपच्या मधली कागदी छापील चकती एका कडेने फुगून वर आली होती. खाली पांढरट धुरकट थर. आणि गुंडाळायच्या कागदाला काळे ठिपके. बुरशी! तीस वर्षांत जी आली नाही ती अडीच महिन्यांत.

मग काय झालं ते एकेक करून बाहेर आलं. पाहुणे आले की दादा थंडगार खोलीतून डबा उचलायचा, हॉलमध्ये आणायचा आणि तिथेच उघडायचा. गॅलरीचं दार सताड उघडं, बाहेर धो धो पाऊस. अरे, जुलैत एसीच्या खोलीतून बाहेर आलास की तुझ्या चष्म्यावर वाफ धरते ना? मग चिपवर धरणार नाही? ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की साधारण २७ अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. आणि याचा एसी १८ वर! चिप्सना घाम फुटायचा, हा तशाच ओल्या चिप्स कागदात गुंडाळून झाकण लावायचा आणि परत थंडीत नेऊन ठेवायचा. दर पाहुण्यामागे एकदा.

वर मला सांगतो, "क्लेच्या आहेत ना, क्लेला पाण्याने काय होतंय?" क्ले, म्हणजे माती, हे नुसतं म्हणायला. ती काही भट्टीतली पणती नव्हे. पूड आणि चिकटवणारं द्रव्य साच्यात घालून, तापवून दाबलेली ती चकती असते, आणि मध्ये बसवलेला कागद तो कागदच. कागद ओलावा पितो, फुगतो, सुकला की आकसतो. भोवतालचं अंग तेवढं हलत नाही. हे पुन्हा पुन्हा झालं की कडा सुटणारच. नुसत्या गारव्याने ती बिघडली नसती, नुसत्या उकाड्यानेही नाही. रात्री गार, दुपारी दमट, परत गार, याने बिघडली. साड्यांच्या घडीत हवा हळू बदलायची, सुती कापड ओलावा स्वतःत घ्यायचं, म्हणून तिथे त्या टिकल्या. बाबांना हे कुणी शिकवलं होतं? माणूस समुद्रावर राहिलेला, ओल कशी शिरते हे त्याला कळत होतं.

थंड देशांतले संग्राहक सांगतात की बर्फाच्या दिवसांत गॅरेजमधून आणलेली पेटी उबदार घरात लगेच उघडू नका, बंदच राहू द्या, आतली वस्तू घराच्या तापमानाला येऊ द्या. आपल्याकडे ते गॅरेज म्हणजे एसीची बेडरूम. एवढं साधं आहे!

आणि ओलावा शोषायला दादाने डब्यात टाकलं काय, तर बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची जुनी पुडी. ती केव्हाच पाणी पिऊन बसलेली असणार. रंग बदलणारे दाणे मिळतात, ओले झाले की कळतं, तापवून परत वापरता येतात. विचारायचं तरी! कडा सुटल्यावरही विचारलं नाही. वहिनीचा हेअर ड्रायर घेतला आणि त्या चिपवर धरला. गरम हवेने वरचा पातळ पापुद्रा अजून उचलला गेला. आधी एक कड सुटली होती, आता अर्धी चकती.

मी फोनवर रडले तर म्हणे, "अगं, चिपच तर आहे."

दादा, ती बाबांच्या खिशातून आलेली चिप आहे. तुझ्याही बाबांच्या.

रविवारी मी घणसोलीला जातेय. वहिनीला सांगून ठेवलंय, शनिवारी दुपारीच त्या खोलीचा एसी बंद करायचा आणि डब्याला हात लावायचा नाही. डबा मी तिथे उघडणार नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. भिंतीचं काम झालंय, कपाट आता दुसऱ्या भिंतीला आहे, आईच्या साड्या काढून उन्हात घातल्यात.