खालची लाइट, एफएन बटण आणि ड्रोन बदलून देण्याची मागणी: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू शांतपणे वाचला. सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: आमच्या दुकानातून घेतलेल्या डीजेआय कंपनीच्या एअर २एस ड्रोनच्या कंट्रोलरला, व्हिडिओत दाखवतात ती सी१ आणि सी२ बटणं नाहीत, म्हणजे आम्ही जुना कंट्रोलर गळ्यात मारला. ड्रोनच्या पोटाखालची लाइट सेटिंगमध्ये बंद केली तरी दुसऱ्या दिवशी आपोआप लागते. तीच लाइट रात्रीचे शॉट खराब करते, आणि वरून शेत पाहायचं म्हटलं तर तिचा काडीचा उपयोग होत नाही. आमच्या दुकानातल्या मुलाने फोनवर ‘ऑटोवरच ठेवा’ एवढंच सांगितलं. म्हणून तुम्हाला ड्रोन बदलून हवा आहे.

ड्रोन मी बदलून देणार नाही, कारण त्यात बिघाड नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याचीच वाट पाहत राहणार नाही. तुमचा त्रास मात्र खरा आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. हाच ड्रोन वापरणारे इतरही लोक हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कंट्रोलर. सी१ आणि सी२ ही बटणं मॅविक २ या दुसऱ्या ड्रोनच्या कंट्रोलरच्या मागच्या बाजूला असतात, आणि स्वतःचा स्क्रीन असलेल्या डीजेआय आरसी या कंट्रोलरलाही असतात. तुमच्याकडे आहे तो फोन लावून चालवायचा आरसी-एन१. त्याच्या मागे बटणं नसतातच. समोरच्या बाजूला ‘एफएन’ लिहिलेलं एक छोटं बटण आहे, आपल्या मर्जीप्रमाणे काम नेमून देता येतं ते हेच. त्यामुळे तुमचा कंट्रोलर जुना नाही, तुम्ही पाहिलेला व्हिडिओ दुसऱ्या कंट्रोलरचा होता. एक बटण कमी वाटेल, पण एकदा दाबलं तर एक काम आणि दोनदा दाबलं तर दुसरं, असं नेमता येतं. बहुतेकांना तेवढं पुरतं.

हे नेमायचं कुठे? ड्रोन चालू करून फोनवरच्या डीजेआय फ्लाय ॲपमध्ये कॅमेरा दिसतो त्या स्क्रीनवर जा. वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, त्यातून कंट्रोलच्या पानावर या आणि खाली सरकत बटण कस्टमायझेशनपर्यंत जा. तिथे गिंबल (कॅमेरा धरून वळवणारा भाग) सरळ करणं किंवा खाली वळवणं, खालची लाइट चालू-बंद करणं, नकाशा आणि कॅमेरा यांची अदलाबदल असे पर्याय मिळतील. तुम्ही लिहिलंय की लाइट लावायला बटण दाबलं आणि कॅमेराच खाली वळला. बटणावर त्या वेळी गिंबलचं काम नेमलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. माझं मत विचाराल तर एका दाबाला लाइट ठेवा आणि दोन दाबांना गिंबल. रेकॉर्डिंग चालू असताना अंगठा चुकून बटणावर पडला आणि लाइट लागली, तर ती लगेच बंद करता येते. त्याऐवजी कॅमेरा खाली वळला तर अख्खा शॉट गेला. फोन बदलला किंवा ॲप नव्याने टाकलं, तर उडवण्याआधी बटण एकदा दाबून खात्री करून घ्या.

आता लाइट. तुमचा खरा राग हिच्यावर आहे, आणि बहुतेकांचा गैरसमजही हिच्याचबद्दल असतो.

ती लाइट तुम्हाला दिसावं म्हणून दिलेली नाही, ड्रोनला दिसावं म्हणून आहे. ड्रोनच्या पोटाखाली जमीन पाहणारे छोटे कॅमेरे असतात. खालच्या जमिनीवरचे खडे, गवत, फरशीच्या रेघा यांचा नमुना ते सतत ताडून पाहतात. तो नमुना सरकला तर आपण सरकलो असं ड्रोन समजतो आणि स्वतःला जागेवर आणतो. जीपीएस कमकुवत असेल तिथे तर ड्रोनची सगळी भिस्त याच कॅमेऱ्यांवर असते. पण त्यांना दोन गोष्टी लागतात: खाली काहीतरी ओळखू येईल असा पोत, आणि १५ लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड. रात्री एवढा उजेड नसतो. म्हणून अंधार असेल आणि ड्रोन ५ मीटरच्या खाली असेल, तर लाइट आपोआप लागते. जमिनीजवळचे हे शेवटचे काही मीटरच सगळ्यात धोक्याचे असतात.

‘बंद केली तरी दुसऱ्या दिवशी लागते’ याचं उत्तरही इथेच आहे. ड्रोन बंद करून पुन्हा चालू केला की ही लाइट दर वेळी ऑटोवर परत येते. ही गोष्ट मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. तुम्हाला ती खोड वाटते, मला ती योग्य वाटते. काल शूटिंगसाठी बंद केलेली लाइट आज विसरून तशीच राहिली आणि अंधारात ड्रोन उतरवायला घेतला, तर खालचे कॅमेरे आंधळे. आमचा मुलगा ‘ऑटोवर ठेवा’ म्हणाला ते टाळायला नव्हे. त्याने दिलेला सल्ला बरोबर होता, मी त्याच्या बाजूने आहे.

पण ऑटोवर ठेवायची म्हणजे शॉट खराब होऊ द्यायचा असं मुळीच नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत खालच्या कडेला पांढुरका, धुरकट पट्टा आहे आणि त्यात बारीक ठिपके चमकताना दिसतात. लेन्सवर डाग असता तर तो पहिल्या फोटोतही त्याच जागी आला असता, तिथे तो नाही. फोटोतली झुडपं पाहता ड्रोन जमिनीपासून फार तर तीनेक मीटरवर होता. पंख्यांच्या वाऱ्याने धूळ उडाली, खालच्या लाइटचा उजेड त्या धुळीवर पडला आणि कॅमेऱ्याने तो टिपला. रात्री शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे हा पट्टा आणखी ठळक येतो. धुक्यातही हेच होतं, आणि लाइटवर जमणाऱ्या किड्यांमुळेही.

यावर उपाय तेच एफएन बटण. खालच्या उंचीवर फ्रेम लावून झाली की एकदा दाबून लाइट घालवा, शॉट घ्या, आणि उतरायला निघण्याआधी पुन्हा दाबून लावा. हे शेवटचं दाबणं कधीही चुकवू नका. शक्य असेल तर थोडं वर जाऊनच शॉट घ्या, म्हणजे ऑटोवर असताना लाइटचा प्रश्नच येत नाही. ड्रोनच्या पुढच्या हातांवरचे दिवे वेगळे. ते ऑटोवर असले की शूटिंगच्या वेळी आपोआप विझतात, त्यांना हात लावायची गरज नाही. आणि खालची लाइट उड्डाणाआधी जमिनीवरच चालू करून ठेवू नका, मॅन्युअलमध्येही तसंच बजावलेलं आहे.

लाइट लागलेली असली तरी अंधारात खालचे कॅमेरे दिवसासारखं काम करतील असं समजू नका. पाणी, चकचकीत फरशी, एकसारखी पांढरी जमीन यांवर उजेड पडूनही त्यांना धरायला काही सापडत नाही. जीपीएसही धड मिळत नसेल तर अशा जागी रात्री उडवूच नका. रात्री उतरायची जागा दिवसा पाहून ठेवावी, आणि ती खरबरीत, कोरडी, मोकळी असावी.

वरून शेत उजळण्याची अपेक्षा या लाइटकडून ठेवू नका. अंतर दुप्पट झालं की पडणारा उजेड चौथाई होतो. ५ मीटरवर जो उजेड पडतो, त्याच्या चौसष्टाव्या भागाइतकाच ४० मीटरवरून जमिनीपर्यंत पोचेल. त्या कामाला सर्चलाइट लागते. मॅविक २ एंटरप्राइझसारख्या कामाच्या ड्रोनवर ती वेगळी बसवतात. तुमच्या ड्रोनवर बाहेरून काहीतरी बांधून तसा प्रयोग करू नका. वजन वाढतं, तोल जातो आणि कॅमेऱ्यांसमोर आडोसा येतो.

आणखी एक, ही लाइट म्हणजे इतरांना आपला ड्रोन दिसावा म्हणून लावायचा लुकलुकता दिवा नव्हे. अमेरिकेत रात्रीच्या उड्डाणासाठी असा दिवा ३ मैलांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे. तुम्ही जिथे उडवता तिथला नियम पाहून मगच रात्री बाहेर पडा.

आता माझ्याकडून काय करतो ते सांगतो. ड्रोन आणि कंट्रोलर घेऊन दुकानात या, उजेड असतानाच या. बटण तुमच्याच हाताने नेमून घेऊ. अंधार पडला की मागच्या मोकळ्या जागेत त्याच उंचीवरून एक फोटो लाइट लावून आणि एक घालवून काढू, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहू. याचे पैसे नाहीत. बटणाने घालवलेली लाइट त्याच उड्डाणात आपोआप परत लागली, किंवा बटण दाबूनही काहीच झालं नाही, तर तो बिघाड. मग ड्रोन सर्व्हिसला पाठवायचं आणि त्याचा पाठपुरावा करायचं काम माझं. बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा, आणि उडवताना लावता तोच फोन सोबत असू द्या, कारण बटणाची सेटिंग आपल्याला त्याच फोनवर तपासायची आहे.