मॅका ‘कुठेही येणारा चमत्कारी कंद’ नाही

शेतकऱ्यांच्या गटांतून फिरणारा एक संदेश माझ्याकडे तीनदा आला. पेरू देशातील ‘माका’ हा कंद म्हणजे आपलाच माका, तो महाराष्ट्रात कोणत्याही जमिनीत येतो, डाळींपेक्षा जास्त प्रथिने देतो आणि पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढवतो, म्हणून बियाणे आजच मागवा, असे त्यात म्हटले आहे.

पहिली चूक नावापासूनच आहे. आपला माका म्हणजे भृंगराज, ओलसर बांधावर उगवणारी, बारीक पांढऱ्या फुलांची, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती, जिचा रस केसांच्या तेलात घालतात. पेरूचा मॅका मोहरी-मुळ्याच्या कुळातला आहे आणि आपल्या घरात त्याचा खरा नातलग शोधायचा तर तो अळीव होय. नारळाच्या पाण्यात भिजून बुळबुळीत फुगणारे, बाळंतिणीच्या लाडवांत जाणारे ते तांबूस दाणे आणि मॅका यांची प्रजाती (जीनस) एकच, लेपिडियम; जाती मात्र वेगळ्या.

‘कोणत्याही जमिनीत येतो’ हा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर माणसे पैसे लावतात. मॅकाचे मूळ क्षेत्र म्हणजे मध्य पेरूतील हुनीन सरोवराभोवतीचे पठार. तिथे हे पीक समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० ते ४,४०० मीटर उंचीवर घेतात. आपले कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते. दिवसा प्रखर ऊन, रात्री गोठवणारी थंडी आणि सतत वारा अशा हवेत, जिथे बटाटासुद्धा जेमतेम तग धरतो, मॅकाची पाने जमिनीला चिकटून पसरतात आणि सात ते नऊ महिन्यांत खाली छोट्या मुळ्याएवढा, शेपटीसारखे मूळ असलेला गड्डा धरतो. पीक निघाल्यावर तेथील शेतकरी ती जमीन कित्येक वर्षे पडीक ठेवत आले आहेत, हे संदेशात कुठेच नाही. चीनमध्ये युन्नान प्रांतात मॅका लावला गेला, हे खरे; पण तोही उंच, थंड डोंगराळ भागात. विदर्भातील काळ्या जमिनीला किंवा कोकणातील दमट हवेला त्या उदाहरणाचा आधार घेता येत नाही.

पोषणाचा आकडा अर्धाच सांगितला आहे. वाळलेल्या मॅकात साधारण १० ते १४ टक्के प्रथिने असतात, म्हणजे कंदमुळाच्या मानाने उत्तमच, पण हरभऱ्यात ती २० टक्क्यांच्या आसपास असतात. शिवाय ताज्या गड्ड्यात बहुतांश पाणीच असते. हुनीनचे लोक गड्डे उन्हात आणि हिमात अनेक दिवस वाळवतात, ते वर्षानुवर्षे टिकतात आणि पाण्यात किंवा दुधात शिजवून त्यांची लापशी होते. गोठणाऱ्या माळावर पिढ्यान् पिढ्या जगवणारे हे अन्न आहे आणि त्याचा मान त्यासाठीच राखला पाहिजे.

टेस्टोस्टेरॉनबद्दल थोडक्यात सांगता येते. लिमा येथील संशोधकांनी निरोगी पुरुषांना १२ आठवडे रोज दीड किंवा तीन ग्रॅम मॅका दिला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तातील टेस्टोस्टेरॉनमध्ये वाढ आढळली नाही. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात कामेच्छा वाढल्याचे काही पुरुषांनी सांगितले होते, पण इच्छा आणि संप्रेरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही कोणाला बियाणे घ्यायचेच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, की महाराष्ट्रात कोणत्या गावी, किती उंचीवर या बियाण्याला गड्डे धरले आणि ते शेत प्रत्यक्ष पाहता येईल का.