हाडे कोणाची, हे ठरेपर्यंत

आमच्या नागपूरकरांच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून एक वाद पेटतो: नागपूरजवळच्या जुनापाणी आणि माहुरझरीची शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मांडलेली मोठ्या दगडांची वर्तुळे, उभारणारे लोक आर्य होते, द्रविड होते की आणखी कोणी, थोडक्यात, ते आपले की परके. असाच वाद मी राहतो त्या इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातही होऊन गेला आहे.

इथल्या वेस्ट केनेट या गावाजवळ इ. स. पूर्व 3650च्या सुमारास सुमारे 100 मीटर लांबीचा उंचवटा रचला गेला आणि त्याच्या पूर्व टोकाला अजस्र शिळांचे पाच दफनकक्ष बांधले गेले. 1859मध्ये आणि पुढे 1955-56मध्ये झालेल्या उत्खननांतून किमान 36 जणांचे अवशेष मिळाले. त्यांत लहान मुलेही होती, आणि एका म्हाताऱ्याच्या गळ्यापाशी गारगोटीचे बाणाग्र सापडले. कित्येकांच्या कवट्या आणि लांब हाडे मात्र जागेवर नव्हती. हे सारे मृत जेमतेम काही दशकांत तिथे ठेवले गेले असावेत, असे अलीकडच्या कालमापनावरून दिसते; त्यानंतर मात्र कित्येक शतके कक्षांत माती, खापरे आणि मणी यांची भर पडत राहिली आणि शेवटी प्रचंड शिळा लावून तोंड बंद करण्यात आले.

जवळच्या एव्हबरीच्या संग्रहालयातली अशीच प्रागैतिहासिक हाडे आपल्या पूर्वजांची आहेत, ती पुन्हा पुरावीत, अशी मागणी काही ड्रुइडपंथीयांनी, म्हणजे ब्रिटनचा ख्रिस्तपूर्व धर्म आज पाळू पाहणाऱ्यांनी, केली होती. 2010मध्ये ती फेटाळली गेली. पुढे 2018मध्ये प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून दिसले, की त्या दफनांनंतर हजारेक वर्षांनी आलेल्या लोकांमुळे ब्रिटनचा सुमारे 90 टक्के जनुकीय वारसा बदलून गेला. म्हणजे पूर्वजत्वाचा दावा इथे कोणालाच फारसा परवडणारा नाही. तरीही ब्रिटनच्या 1882च्या पहिल्या स्मारक संरक्षण कायद्याच्या यादीत वेस्ट केनेट होतेच. इंग्रज जात्याच वारसाप्रेमी, असे मात्र कोणी समजू नये. एव्हबरीच्या शिळावर्तुळातल्या शिळा याच लोकांनी आगीने तापवून फोडल्या आणि घरांच्या भिंतींत घातल्या.

आपल्याकडे जुनापाणीच्या वर्तुळांवर रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879मध्येच लिहिले, आणि तिथल्या शिळांवरील वाटीसारखे खळगे ब्रिटनमधल्या खळग्यांशी ताडून पाहिले. माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, तेही तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. जुनापाणीला केंद्राचे संरक्षण आहे आणि प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. पण यादीबाहेरची वर्तुळे शेतात, मुरमाच्या खाणीत आणि ले-आउटच्या प्लॉटांखाली जातात, आणि त्यांच्याविषयी आमच्या गटावर चकार शब्द निघत नाही. वंशाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे, तर वाद घालायला दगडही उरणार नाहीत. गटातल्या अभ्यासू मंडळींनी एका हिवाळ्यात या वर्तुळांच्या जमिनींचे गट क्रमांक गोळा करावेत आणि सातबाऱ्यावर, इतर हक्कांत, त्यांची नोंद व्हावी म्हणून तहसील कार्यालयात आणि पुरातत्त्व विभागात अर्ज द्यावेत. नकाशे आणि अर्जाचे मसुदे करण्याचे काम इथे बसून मी करू शकतो.